बेगोनियाचे दोन कप्पे

दादा चिमीकडे राहायला आला तो पंधरा दिवसांसाठी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याचं घर चौथ्या मजल्यावर, तिथे लिफ्ट नाही, आणि धाकट्या बहिणीचं घर तळमजल्यावर. येताना त्याने एक बॅग, एक काठी आणि अकरा कुंड्या आणल्या. पंधरा दिवसांचे चौदा महिने झाले. गुडघा धडधाकट झाला, काठी दारामागे गेली, पण जाण्याचा विषय काही निघाला नाही. चिमीने काढला नाही, आणि चिमी काढत नाही म्हणून दादानेही काढला नाही.

चिमी म्हणजे पन्नाशी उलटलेली बाई. पण दादासाठी ती चिमीच. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दादा लग्नाच्या भानगडीत पडलाच नव्हता. चिमी पडून बाहेर आली होती. बाहेर आल्यावर तिने एक छंद लावून घेतला: सफरचंदाच्या रसाची वाइन घरी करायची. मागच्या बाजूच्या छोट्या खोलीत वीस-वीस लिटरचे तीन काचेचे बाटले ओळीने उभे असत. प्रत्येकाच्या बुचात एक वाकडी नळी, नळीत दोन बोटं पाणी. आतला रस आंबायला लागला की त्या पाण्यातून वायू बाहेर पडायचा: गुडुक... गुडुक... गुडुक.

दादाने हा आवाज पहिल्याच दिवशी ऐकला आणि काठी टेकत जाऊन खोलीचं दार सताड उघडलं.

"बंद खोलीत हे ठेवतेस? अक्कल गहाण टाकलीस का? हा कार्बन डायऑक्साइड आहे."

"मग काय झालं? सोड्याच्या बाटलीतही तोच असतो."

"सोड्याची बाटली तू पितेस. हा तुला पिऊन टाकेल."

दादाला त्या वायूबद्दल बोलायचा अधिकार होता. बत्तीस वर्षं त्याने आग विझवायचे लाल सिलिंडर भरले होते, तपासले होते, इमारतींच्या भिंतींवर टांगले होते. कार्बन डायऑक्साइड त्याला सख्ख्या भावासारखा माहीत होता. भाऊ वाईट चालीचा निघावा, तसा. त्या दिवसापासून घरात दाराचं भांडण सुरू झालं. दादा दार उघडायचा, कारण वायू साचेल. चिमी लावायची, कारण खोली गार पडली की रस आंबायचा थांबतो. शेवटी मागच्या खिडकीची खालची फट कायम उघडी ठेवायची यावर तह झाला, आणि तोही दोघांनी तोंड वाकडं करूनच पाळला.

दादाच्या कुंड्यांचं मात्र या घरात काही खरं नव्हतं. पुढच्या खोलीच्या खिडकीतल्या तेवढ्या बऱ्या होत्या. बाकीच्या बोळात आणि कपाटावर ठेवल्या होत्या, त्या झुरत चालल्या होत्या. एक बेगोनिया तर तीन पानांवर आला. टाकवत नाही आणि बघवतही नाही, म्हणून दादाने त्याला मागच्या खोलीत, बाटल्यांच्या मागे खिडकीखाली सरकवून दिलं आणि तो विसरून गेला.

महिन्याभराने चिमीने हाक मारली. "दादा, इकडे ये आणि हे तुझं मेलेलं झाड बघ."

बेगोनियाला सात पानं आली होती. नवी पानं तळहाताएवढी, तजेलदार, मागून लालसर. पुढच्या खोलीतल्या त्याच्या भावंडांची पानं याच्या निम्मीही नव्हती.

दादा गुडघ्याची पर्वा न करता खाली बसला. पान उलटं करून पाहिलं, मातीत बोट घातलं, मग मान वळवून बाटल्याच्या नळीकडे पाहिलं. गुडुक.

"हा खातोय ते," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"तुझा वायू. शाळेत शिकलो नव्हतो का? झाडं हाच घेतात."

"इथे उजेडही आहे," चिमी म्हणाली. "आणि बाटल्यांसाठी मी हीटर लावते, म्हणजे ऊबही आहे. लगेच माझ्या वाइनला श्रेय नको. आमच्याकडे कवळी टोचली की पेशंट आधी कवळीला दोष देतो. नंतर कळतं, हिरडीला सूज होती."

दादाला ते पटलं. न पटून सांगतो कुणाला? तीन कारणं होती: ऊब, उजेड, वायू. यातलं खरं कोणतं? बत्तीस वर्षांत त्याने या वायूला एकच प्रश्न विचारला होता: आग विझेल का? आता दुसरा प्रश्न सुचला आणि त्याला झोपेतून उठल्यासारखं वाटलं.

चिमीच्या लॅबच्या गल्लीत एक चष्म्यांचं दुकान बंद होत होतं. त्यांचं काचेचं शोकेस कुणी नेत नव्हतं. छातीएवढं उंच, मधोमध काचेची भिंत, दोन बाजूंना दोन वेगळी दारं. चिमीने ते हातगाडीवरून घरी आणून मागच्या खोलीत ठेवलं. दाराच्या फटी बुजवायला दातांचे साचे घ्यायची गुलाबी पुट्टी वापरली. शोकेसला हिरड्या आल्यासारखं दिसायला लागलं. दादाने दोन्ही कप्प्यांत एकसारखे दिवे लावले आणि प्रत्येक कप्प्यात एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली चार-चार बेगोनियाची रोपं ठेवली. डाव्या कप्प्यात तळाशी बाटल्याची नळी सोडली. उजवा कप्पा नुसता.

"आता ऊब तीच, उजेड तोच," तो म्हणाला. "फरक फक्त वायूचा."

"आणि वाइन माझी," चिमी म्हणाली.

तीन दिवसांनी डाव्या कप्प्यातल्या पानांच्या कडा आत वळल्या. चौथ्या दिवशी त्यांच्यावर तपकिरी डाग दिसले. उजवीकडची मात्र मजेत होती.

दादाने काडी पेटवली आणि डावं दार किंचित उघडून आत धरली. वरच्या बाजूला ज्योत नुसती थरथरली. तळाशी नेली तशी एकदम विझली, जणू कुणी चिमटीत दाबली. दादाने हात झटक्यात मागे घेतला.

"काय झालं?" चिमीने विचारलं.

"काही नाही. जास्त झाला. जड असतो ना, तळाला साचला."

"मग कमी सोडू."

"किती कमी? मला विझवायला किती लागतो ते माहीत आहे. जगवायला किती लागतो ते माहीत नाही."

"कुणाला तरी विचार."

विचारण्यासारखा एकच माणूस होता, आणि त्याच्याशी तो नऊ वर्षं बोलला नव्हता.

त्या माणसाला सगळे उंट म्हणायचे, कारण तो दारातून वाकून यायचा. दादाचा कामावरचा जोडीदार. दोघांनी मिळून किती सिलिंडर वाहिले त्याला गणती नाही. नऊ वर्षांपूर्वी एका छापखान्याच्या तळघरात ते कामाला गेले होते. आग लागली तर तळघरभर आपोआप वायू सुटेल अशी तिथे सिलिंडरांची रांग होती. काम चालू असताना वायू चुकून सुटू नये म्हणून आधी त्या रांगेला कुलूप-पिन लावायची असते. ती लावली की नाही हे पाहणं दादाचं काम. दादाने कागदावर सही केली. उंट आत गेला आणि वायू सुटला. दादाने श्वास रोखून त्याला कॉलरला धरून पायऱ्यांवर ओढलं. उंट वाचला. पण त्यानंतर बंद खोलीत पाऊल टाकलं की त्याला घाम फुटायचा. त्याने काम सोडलं आणि उघड्यावरची नोकरी धरली, एका रोपवाटिकेत. दादा हॉस्पिटलात दोनदा गेला. तिसऱ्यांदा पाय वळले नाहीत. मग लाज वाटायला लागली, आणि लाज जितकी जुनी होते तितकी जाड होत जाते.

चिमीला हे सगळं माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "पान नेऊन दाखव. मी डबी देते."

तिने कवळी ठेवायची एक डबी दिली. दादाने तिच्यात ते वळलेलं पान ठेवलं आणि बस पकडली.

उंट दोन वाफ्यांच्या मध्ये उकिडवा बसून रोपं वेगळी करत होता. केस पिकले होते. बसलेलाही तो बाकीच्यांच्या खांद्याएवढा दिसत होता. त्याने वर पाहिलं, डोळे बारीक केले.

"वस्ताद?"

"हो."

"गुडघा मोडला म्हणे तुझा."

"जुळला पुन्हा." दादाने डबी पुढे केली. त्याने येताना बसमध्ये बरंच काही ठरवलं होतं, त्यातला एक शब्दही त्याला सापडेना. "एक विचारायचं होतं. हे पान बघ."

उंटाने डबी उघडली. "कवळीची डबी आणलीस. मला वाटलं, दात पडले म्हणून आलास." पान उजेडात धरलं, उलटं केलं. "हे कशानं झालं?"

दादाने सगळं सांगितलं. बाटले, शोकेस, गुलाबी पुट्टी, विझलेली काडी. उंट ऐकत गेला, आणि ऐकता ऐकता त्याचे खांदे हलायला लागले. दादाला वाटलं, तो रडतोय. तो हसत होता.

"मला पाडलंस तेवढ्यानं पोट भरलं नाही होय? आता झाडांच्या मागे लागलास?"

दादाचा चेहरा उतरला. "ती पिन माझी जबाबदारी होती. मी बघितली नव्हती. न बघता सही केली होती."

"माहीत आहे."

"तुला माहीत होतं?"

"कागद मला दाखवला होता चौकशीत. सही तुझी होती. तुझी सही मी अंधारातही ओळखेन, शेपटीवाली." उंटाने पान डबीत परत ठेवलं. "रागावलो होतो मी. दोन वर्षं तरी. मग राग संपला आणि तू आलाच नाहीस."

"तू पण आला नाहीस."

"मी का येऊ? मला वायू लागला होता, तुला नव्हे."

उंटाने हातातलं रोप पिशवीत दाबून बसवलं, मग दुसरं उचललं. दादा त्याच्या समोर उकिडवा बसला. गुडघा कुरकुरला. त्यानेही एक रोप उचललं.

"मुळं धरू नकोस, पान धर," उंट म्हणाला. आणि थोड्या वेळाने म्हणाला, "पानाच्या पाठीला बारीक बारीक तोंडं असतात. झाडं वायू घेतात ती त्यातूनच. थोडा वाढवलास तर आवडीनं खातात. पण कोंडलास तर तोंडं मिटून घेतात. मग पाणीही चढत नाही. जेवायला वाढावं तसं वाढ की. टोपलं डोक्यावर ओतू नकोस."

"किती वाढू?"

"एवढ्या कपाटाला? तुझ्या बाटल्यातले वीस बुडबुडे असतील तर एक. एकोणीस बाहेर सोड. आणि दिवे बंद असताना तोही नको. अंधारात झाडं तो वायू घेत नाहीत, उलट स्वतःच थोडा सोडतात." मग त्याने मान वर केली. "मी येऊ का बघायला? रविवारी सुट्टी असते मला."

रविवारी उंट आला. चिमीने हसून स्वागत केलं आणि मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. उंट उंबऱ्यापर्यंत गेला. आत बाटल्यांची रांग होती, गुडुक गुडुक चाललं होतं. त्याने दाराच्या चौकटीला हात लावला आणि तो तिथेच थांबला. कपाळ ओलं झालं.

"मला इथून दिसतंय," तो म्हणाला.

दादाने चिमीकडे पाहिलं. दोघांनी शोकेस धरलं आणि ढकलत ढकलत बोळातून पुढच्या खोलीत आणलं, मोठ्या खिडकीजवळ. उंटाने तिसरी बाजू धरली. बाटले जागेवरच राहिले आणि नळी लांब करावी लागली. ती भिंतीच्या कडेने चिकटवत आणताना चिमी म्हणाली, "घराला सलाइन लावल्यासारखं दिसतंय."

उंटाने नळीला एक फाटा काढला आणि त्यावर स्क्रूचा चिमटा लावला. बहुतेक वायू खिडकीबाहेर जाईल, थोडासाच कपाटात. दादाने नळी तळातून काढून वर नेली आणि आतली हवा फिरावी म्हणून कॉम्प्युटरमधला जुना पंखा बसवला. डागाळलेली रोपं काढून नवी लावली. मग तिघं खुर्च्या ओढून बसले आणि बुडबुडे मोजायला लागले. सतरा, अठरा, एकोणीस... "थांब, हा कपाटात गेला का बाहेर?" पुन्हा पहिल्यापासून. चहा गार झाला.

आता दर रविवारी पानं मोजायची. पहिल्या दोन रविवारी डावीकडे आणि उजवीकडे काहीच फरक नव्हता. दादा हिरमुसला. एवढा सगळा खटाटोप, आणि दोन्ही कप्पे सारखेच!

तिसऱ्या रविवारी उंट जरा लवकर आला. दादा उजव्या कप्प्याचं दार उघडून, आत डोकं घालून, पट्टीने एकेक पान मोजत होता. मोजताना पुटपुटतही होता.

"रोज असंच मोजतोस?" उंटाने विचारलं.

"रोज. अर्धा-पाऊण तास लागतो. डाव्या बाजूचं दार उघडत नाही, वायू निघून जाईल म्हणून. तिकडचं काचेतूनच बघतो."

उंट खुर्चीत बसला आणि त्याने कपाळाला हात लावला. "अरे वस्ताद, वायू नसलेल्या कप्प्यात रोज पाऊण तास तोंड घालून श्वास सोडतोस, आणि वर दार लावून घेतोस?"

चिमी स्वयंपाकघरातून ओरडली, "काय?"

"माणूस श्वासावाटे काय सोडतो? हाच!"

चिमी हात पुसत बाहेर आली. तिने कवळ्यांच्या वजनांसाठी ठेवलेली वही काढली आणि मागच्या पानावर हिशेब मांडला. एका बाटल्यात साखर किती, ती आंबून निम्म्या वजनाचा वायू होतो, म्हणजे एक बाटला बारा दिवसांत साधारण एक किलो वायू देतो. "आणि माणूस?"

दादाला ते पाठ होतं. कामावर लागताना शिकवलं होतं, बंद जागेत किती माणसं किती वेळ टिकतील ते काढण्यासाठी. "दिवसाला एक किलो. थोडा कमी-जास्त."

चिमीने वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले.

"म्हणजे," चिमी म्हणाली, "माझा बाटला बारा दिवस राबतो, तेवढं तू एका दिवसात नुसतं बसून करतोस."

"आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं कौतुक केलं," दादा म्हणाला.

हसणं ओसरल्यावर दादाला एक गोष्ट खटकली. घरात दोन माणसं दिवसरात्र श्वास सोडतायत, वायूला तोटा नाही. मग बोळातल्या कुंड्या का झुरतायत? त्याने शिल्लक नळीचा एक तुकडा बोळातल्या कुंडीपाशी नेला, तिच्यावर प्लॅस्टिकचं पातळ झाकण घालून आत मोजका वायू सोडला. दोन आठवडे वाट पाहिली. एक पान आलं नाही. उजेडच नाही तिथे, झाड वायूचं करणार काय? घास समोर आहे, पण चूल पेटलेली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बोळातल्या सगळ्या कुंड्या उचलून खिडकीत आणल्या. खिडकी इतकी भरली की चिमीला पडदा सरकवता येईना.

आणि उजव्या कप्प्याची मोजणीही त्या दिवसापासून काचेतूनच सुरू झाली.

सहा आठवड्यांनी डावीकडे चौदा नवी पानं, उजवीकडे अकरा. डावीकडची पानं एका बोटाने जास्त रुंद. चमत्कार नव्हे. पण फरक होता, डोळ्यांना दिसणारा, पट्टीने मोजता येणारा. दादाने तो तीनदा मोजला. मग तो काही वेळ नळीकडे बघत बसला. "एवढासाच लागतो," तो म्हणाला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

सफरचंदांचा मोसम संपला, बाटले शांत झाले. चिमीने वाइन गाळून छोट्या बाटल्यांमध्ये भरली. पहिला पेला उंटाला दिला. त्याने एक घोट घेतला, चेहरा अख्खा आक्रसला, आणि तो म्हणाला, "झाडांना आवडलं असेल हो." चिमीने त्याला दुसरा पेला दिला नाही. तरी पुढच्या रविवारी तो आलाच.

आता वाद निराळाच सुरू झाला. उंटाचं म्हणणं, भरपूर खाऊन वाढलेली रुंद पानं लवकर गळतील. दादाचं म्हणणं, उलट जास्त टिकतील. चिमीने कवळ्यांच्या साच्यांवर नंबर घालतात तशा बारीक चिठ्ठ्या केल्या आणि दोन्ही कप्प्यांतल्या पानांच्या देठांना दोऱ्याने बांधल्या, डावीकडच्या लाल, उजवीकडच्या पांढऱ्या. मग वाट बघणं. आठवडा गेला, दोन गेले. बुधवारी दुपारी दादा एकटाच घरी होता. शोकेसमध्ये टप् असा आवाज झाला. आवाज म्हणण्याइतकाही नाही. त्याने चष्मा लावून पाहिलं आणि फोन उचलला.

"एक गळलं," तो म्हणाला.

रोपवाटिकेत पाण्याचा पाइप चालू होता. उंट ओरडून बोलला, "कुठल्या बाजूचं?"

"ते फोनवर सांगत नाही. ये आणि बघ."

"कामावर आहे रे मी!"

"मग सुटल्यावर ये," दादा म्हणाला. "मी हात लावत नाही त्याला."